भावजींचा डबा आणि माझ्या कॉइली

माझे धाकटे दीर मस्कतहून परत आले तेव्हा त्यांनी सासूबाईंना घड्याळ आणलं, माझ्या नवऱ्याला शर्टाचं कापड आणलं, आणि उरलेल्या अर्ध्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून एक काळा डबा आणला. डबा देव्हाऱ्याशेजारच्या टीपॉयवर बसला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. भावजी तिकडे एका हॉटेलात वायरमन होते. त्या हॉटेलच्या तळघरात डिस्को चालायचा आणि तिथले गेलेले बल्ब बदलायला भावजींना जावं लागायचं. एवढ्या शिदोरीवर ते साउंड इंजिनियर होऊन आले होते.

आम्ही तेव्हा मुलुंडला, पूर्वेला राहायचो. माझा नवरा गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होता. संप झाला, मग गिरणी उघडलीच नाही. हाताशी जुने चार पत्र्याचे भोंगे आणि एक ॲम्प्लिफायर होता, त्यावर हे पूर्वी रविवारी सत्यनारायण आणि साखरपुडे वाजवायचे. आता तोच धंदा केला. मी एका गाळ्यात ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करत होते. तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची, थराला थर बसवायचा, मध्ये कागद घालायचा, शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायचं. नऊ वर्षं ते काम केलं. हाताखाली तीन बायका होत्या. पण घरी आलेल्या पाहुण्यांना सासूबाई सांगायच्या, ही कुठेतरी दोरा गुंडाळायला जाते.

त्या वर्षी मुलुंड पश्चिमेच्या एका नवरात्र मंडळाचा सेक्रेटरी आमच्याकडे आला. घाटकोपरला त्याने डिस्को दांडिया पाहिला होता आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. कॅसेटी लावणाऱ्याला डीजे म्हणायची फॅशन नुकतीच आली होती, तोही शब्द त्याने दहा वेळा वापरला. त्याला आठ बॉक्स हवे होते, एकेका बॉक्समध्ये पंधरा इंची स्पीकर आणि वर हॉर्न. गाणी कुठली, वाजवणार कोण, देवीची आरती कधी, यातलं काही त्याने विचारलं नाही. छातीवर हात आपटून म्हणाला, इथे धक्का बसला पाहिजे. असल्या माणसाला खरं तर छातीवर गुद्दा मारून परत पाठवायला हवं होतं. यांनी हो म्हटलं.

आता मोठा आवाज म्हणजे काय, हे थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा मूर्खपणा त्यावरच झाला. मोठ्या स्पीकरला ढोल पाठवायचा आणि हॉर्नला झांजा. ढोल चुकून हॉर्नकडे गेला तर आतला नखाएवढा पातळ पडदा फाटतो, संपलं. ही वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. वाटणी दोन ठिकाणी करता येते. ॲम्प्लिफायरमधून सगळी ताकद बाहेर पडल्यावर बॉक्सच्या आत करायची, कॉइल आणि कंडेन्सर लावून. कॉइल ढोल जाऊ देते, कंडेन्सर झांजा जाऊ देतो. याला पॅसिव्ह म्हणतात. नाहीतर ॲम्प्लिफायरच्या आधीच, आवाज अजून मुंगीएवढा असताना, एका डब्यात वाटणी करायची आणि ढोलाला वेगळा ॲम्प्लिफायर, झांजांना वेगळा. तो ॲक्टिव्ह. भावजींच्या टॉवेलातला डबा तो होता.

भावजींनी जेवताना जाहीर केलं की जगात आता पॅसिव्ह कोणी वापरत नाही. कॉइल अर्धी ताकद खाते, तापते, बेस म्हणजे ढोलाचा आवाज ढिला पडतो. त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं, हे मला नंतर कळलं. पण ते का खरं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, कॉइल तापते म्हणजे नेमकं काय तापतं, तार की गाभा. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही भात वाढा.”

तेव्हाच माझ्या डोक्यात गेलं. मी यांना सांगितलं, आठच्या आठ कॉइली मी करते. शिवाय ॲक्टिव्ह करायचा तर ॲम्प्लिफायर दुप्पट लागणार, वायरी दुप्पट लागणार आणि एक वायर चुकली की सगळे हॉर्न जाणार. हे म्हणाले, बरोबर आहे, तू कर. मग गॅलरीत जाऊन त्यांनी भावाला सांगितलं, बरोबर आहे, आपण तुझा डबा लावू. यांचा स्वभाव असा की जो शेवटी बोलेल त्याचं खरं. दिवसभरात यांचं मत किती जणांच्या घरी राहून यायचं कोण जाणे.

माझीही फजिती सांगते, दुसऱ्यांचीच सांगितली तर बरं दिसत नाही. मी ट्रान्सफॉर्मरवाली. लोखंडाच्या पत्र्याशिवाय कॉइल असते हे मला पटतच नव्हतं. पत्रे घातले की कमी तारेत काम होतं, कॉइल छोटी, देखणी होते. गाळ्याच्या मालकांनी रविवारी जागा वापरायला दिली. मी आठ कॉइली ट्रान्सफॉर्मरसारख्या पत्रे भरून केल्या, वार्निश केलं, वर नंबर घातले. एक बॉक्स जोडून लावला. हळू आवाजात इतका सुरेख वाजला की मी भावजींकडे वळून बघितलं. मग यांनी आवाज चढवला आणि बेस ओल्या गोणपाटावर काठी हाणावी तसा वाजायला लागला. भावजी खुर्चीत मागे रेलून हसले. मालक मात्र कॉइल हातात घेऊन म्हणाले, पत्र्यांमध्ये फट नाही ठेवलीस, लोखंड एका मर्यादेपर्यंतच चुंबक होतं, त्यापुढे तुझी कॉइल कॉइल राहत नाही. हे मला नऊ वर्षं माहीत होतं. दिराला दाखवायच्या नादात मी ते विसरले. त्या दिवशी स्वतःची जेवढी चीड आली तेवढी भावजींचीही आली नव्हती.

दुसऱ्या वेळी मी लोखंड घेतलंच नाही. लाकडी रिळं कातून घेतली आणि जाड तार लावली, एवढी जाड की संध्याकाळी अंगठ्याला घट्टे पडायचे. एकेक कॉइल पोळ्यांच्या डब्याएवढी झाली. कंडेन्सरचं काम यांनी स्वतःकडे घेतलं होतं. यांनी रेडिओतले साधे कंडेन्सर दोन दोन पाठीला पाठ लावून जोडले. लॅमिंग्टन रोडवर कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. जरा जोरात वाजवल्यावर त्यातला एक फुटला आणि बॉक्सभर कापूस उडाला. मग मी पंख्याच्या आणि मोटरीच्या कंडेन्सरचे जुडगे बांधून दिले. ते फुटले नाहीत. एक तास वाजवून मी बॉक्समध्ये हात घातला. इस्त्री बंद केल्यावर पाच मिनिटांनी लागते तेवढी ऊब कॉइलीला होती.

ही ऊब पाहून यांचा धीर सुटला. मैदानावर चार चार तास, नऊ दिवस. मी म्हटलं, वार्निश केलेली तार याच्या दुप्पट गरमी सोसते, मी रोज भट्टीत बघते. यांना ते पटलं असतंही. पण त्याच संध्याकाळी भावजींनी सेक्रेटरीला घरी बोलावलं. टीपॉयवरून टॉवेल काढला, घरातला दिवा घालवला आणि डबा चालू केला. डब्यावर पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग होती, गाणं लावलं की ती वरखाली पळायची. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसून बघत होता. त्याने आवाज ऐकलाच नाही. आवाज ऐकायला स्पीकरच जोडला नव्हता. उठून म्हणाला, हाच पाहिजे, आणि स्टेजवर पब्लिकला दिसेल असा ठेवा.

अशी आमची ॲक्टिव्ह-पॅसिव्हची निवड झाली. पुढे मी बऱ्याच साउंडवाल्यांना या विषयावर तासन्तास वाद घालताना ऐकलं. कुणी वॉट सांगतो, कुणी परदेशी मासिक दाखवतो. मला तो सेक्रेटरी आठवतो आणि वाटतं, निदान तो खरं बोलला, दिवे आवडले म्हणाला.

यांनी बॉक्स उघडून माझ्या कॉइली आणि कंडेन्सर सोडवले आणि गोणीत भरून गोणी टेम्पोत टाकली. सोडवताना माझ्याकडे बघत नव्हते. ॲम्प्लिफायर कमी पडत होते ते भांडुपच्या एका ओळखीच्याकडून आणले.

घटाच्या दिवशी मी अर्धी रजा काढली. चार वाजता मैदानावर गेले तर बॉक्स लावून झाले होते आणि भावजी गॉगल घालून स्टेजवर उभे होते. स्टेजच्या मागे वायरींचा ढीग होता. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. बेसच्या कुठल्या आणि हॉर्नच्या कुठल्या, ते फक्त भावजींच्या डोक्यात. मी पिशवीतून लाल आणि पिवळा दोरा काढला, गाळ्यात आम्ही तारांची टोकं ओळखायला बांधतो तसला, आणि म्हटलं, टोकांना बांधून घेते. ते म्हणाले, तिकडे असले दोरे कोणी बांधत नाही. मग मी यांना बाजूला घेऊन सांगितलं, प्रत्येक हॉर्नच्या आधी माझा एक कंडेन्सर असू द्या. चुकून ढोल गेलाच तर तो अडवेल. यांनी भावाकडे पाहिलं. भावजी म्हणाले, ॲक्टिव्हमध्ये मध्ये काही घातलं की प्युरिटी जाते. हे मला म्हणाले, प्युरिटी जाते गो. यांना प्युरिटी म्हणजे काय, हे देवीची शपथ घालून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

सेक्रेटरी मंडळाच्या पाच-सहा जणांना घेऊन समोर उभा राहिला. भावजींनी डबा लावला, दिवे पळाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी बेसच्या आणि हॉर्नच्या सगळ्या ॲम्प्लिफायरचा आवाज एकदम वर केला.

मोठ्या स्पीकरांतून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. आणि वरच्या हॉर्नमधून ढोल. एक खर्रर्र असा आवाज झाला, पत्र्यावर खडी ओतावी तसा, मग दुसऱ्या हॉर्नमधून, तिसऱ्या. नंतर वरचं सगळं शांत झालं. वायरी उलट्या लागल्या होत्या. आठही पडदे गेले. तुम्हाला हे वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्माही याला लागला नाही.

सेक्रेटरीने विचारलं, काय झालं. मला वाटलं भावजी गॉगल काढतील. ते गॉगल सारखा करून म्हणाले, “वहिनींच्या कॉइली शॉर्ट झाल्या.”

मंडळाच्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. पाच-सहा पुरुष, हातात कुंकवाच्या पुड्या आणि पावती पुस्तकं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर शंका नाही. बाईने गुंडाळलेली गोष्ट म्हणजे जळणारच. मी यांच्याकडे पाहिलं. यांनीच स्वतःच्या हाताने त्या कॉइली सोडवल्या होत्या. हे स्टेजच्या फळीवरचा खिळा बुटाने दाबत होते.

मी टेम्पोपर्यंत गेले, गोणी ओढत आणली आणि सेक्रेटरीच्या पायापाशी उपडी केली. तांब्याचं ते आठ कॉइलींचं ओझं धाडकन पडलं, त्याने पाय मागे घेतला.

“या माझ्या कॉइली,” मी म्हटलं. “आठच्या आठ. बॉक्समध्ये एक पण नाही. बघा उघडून.”

कोणी बॉक्स उघडला नाही. भावजी वाकून वायरी बघायला लागले आणि थोड्या वेळाने, जणू त्यांना हवेतूनच काहीतरी सुचलं, अशा थाटात त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली. बेस बरोबर जागी आला. धक्का बसत होता, सेक्रेटरीने छातीवर हात ठेवून खात्री केली. पण वर हॉर्न मेलेले. नुसता ढोल, शब्द एक ऐकू येईना.

साडेपाच वाजले होते. पडदे कुठून मिळणार. मग हे टेम्पो घेऊन घरी गेले आणि माळ्यावरचे चार पत्र्याचे भोंगे घेऊन आले. दोन बांबू उभे केले, त्यावर बांधले. मी प्रत्येकाच्या आधी कंडेन्सरचा जुडगा जोडला. या वेळी प्युरिटीचं कोणी नाव काढलं नाही. वायरींना लाल-पिवळे दोरे बांधले, तेही कोणी पाहिलं नाही असं दाखवलं.

सातला आरती झाली, साडेसातला दांडिया सुरू झाला. खालून ढोल दणदणत होता आणि वरून भोंगे गात होते, नाकातून, सत्यनारायणाच्या कथेत गातात तसेच. मी मैदानाच्या कडेला उभी होते. आवाजाला दोन टोकं होती आणि मध्ये काहीच नव्हतं, भोकासारखं. मला वाटलं आता कोणीतरी ओरडणार. कोणी ओरडलं नाही. जरीचे घागरे, चष्मेवाले, कॉलेजातली पोरं, सगळी गोल गोल नाचत होती. सेक्रेटरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, भावजींचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ट्रेबल, ते वरचं झांजांचं, एकदम फॉरेन आहे. भावजींनी थँक्यू म्हटलं. मला पेढा मिळाला. मी खाल्ला, भूक लागली होती.

नऊ दिवस मुलुंडने त्या भोंग्यांवर डिस्को केला आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग नवव्या दिवशीच झालं.

भावजी दिवाळीनंतर दुसऱ्या हॉटेलच्या नोकरीवर परत गेले. डबा ठेवून गेले. जाताना भावाला दोन वह्या भरून सूचना दिल्या, त्यात वायरींना दोरे बांधायची सूचनाही होती.

मी यांच्याशी कामापुरतं बोलत होते. घरात भांडण नव्हतं. जेवण वाढत होते, दुपारच्या जेवणाचा डबा भरून देत होते. एका दुपारी, रविवार असावा, यांनी नवे पडदे टाकलेले हॉर्न जमिनीवर मांडले, शेजारी माझ्या कॉइली मांडल्या, शेजारी तो डबा, आणि मला हाक मारली. म्हणाले, “काय ठेवू सांग. हे की हे?”

“त्याच्या आधी तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “त्या दिवशी गप्प का बसलात?”

त्यांनी हॉर्नच्या तोंडावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, “धाकटो भाव माझो. चार माणसांत त्याका खोटो पाडू काय?”

“आणि मला पाडलंत ते?”

त्यावर त्यांनी विचारलं, कंडेन्सर किती लागतील. यालाच माफी समजायचं का, हे मी तेव्हा ठरवलं नाही. अजूनही ठरवलेलं नाही.

पण उत्तर दिलं, कारण प्रश्न बरोबर होता आणि तोवर मला कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, हॉलमध्ये दोन बॉक्स लावायचे असतील तर कॉइल ठेवा. एक ॲम्प्लिफायर, एक वायर, कोणीही जोडेल. मैदानावर आठ बॉक्स लावायचे आणि ताकद खूप असेल तर बेस डब्यातून वेगळा काढा, तिथे माझी कॉइल उगाच तापणार आणि ताकद खाणार. भावजी म्हणाले होते ते तिथे खरं. पण प्रत्येक हॉर्नच्या आधी कंडेन्सर राहू दे, ॲक्टिव्ह असला तरी. माणूस वायर चुकवणारच, कंडेन्सर चुकत नाही. हे ऐकत होते. एवढं शांत मी त्यांना गिरणी बंद झाली तेव्हाच पाहिलं होतं. मग त्यांनी पेन मागितलं.

त्या वर्षापासून आमचा सेट तसाच बांधला गेला आणि पुन्हा पडदे गेले नाहीत. चारकोपला, अंधेरीला, लांब लांब कामं मिळाली. पुढे एकदा चहा ठेवताना मला बाहेरच्या खोलीतून आवाज आला. हे एका नव्या साउंडवाल्याला समजावत होते, हॉलमध्ये कॉइल, मैदानावर डबा, हॉर्नच्या आधी कंडेन्सर, माणूस चुकतो, कंडेन्सर चुकत नाही. शब्दाला शब्द. त्याने विचारलं, शेठ, हे तुम्ही शिकलात कुठे. हे म्हणाले, अनुभव. मी चहात साखर घातली नाही. दोघांनीही तसाच प्याला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांनी मी गाळा सोडला आणि घरीच, मागच्या गॅलरीत, वाइंडिंगचं यंत्र बसवलं. मुलुंड-घाटकोपरचे साउंडवाले कॉइलींसाठी आमच्याकडे यायचे. दार मी उघडायचे आणि ते माझ्या खांद्यावरून आत बघायचे.

घाटकोपरचा एक जण आला, सोन्याची चेन, पंधरा इंची स्पीकरच्या बॉक्ससाठी कॉइल हवी म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली, स्पीकर किती ओहमचा आहे ते विचारलं. तो म्हणाला, ते मिस्त्रींनाच सांगतो, कधी येतील? मी म्हटलं, बसा. यंत्रापाशी गेले, जाड तारेचं रीळ घेतलं आणि अर्धी राहिलेली कॉइल पुढे गुंडाळायला लागले. तो दाराकडे तोंड करून बसला होता. थर पुरा होईपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही.